सिंधूच्या घरचा पत्ता

हसणार नसाल तर सांगते. आणि हसलात तरी सांगणारच आहे, कारण आमच्या गावात हे आता सगळ्यांना माहीत झालंय, तुम्हीच तेवढे राहिलात.

फजिती होते म्हणजे माणसाची किती व्हावी? कुणी चुकून दुसऱ्याच्याच लग्नात जेवून येतं. कुणी उलटा ब्लाऊज घालून आठवडी बाजार फिरून येतं. मी एका बाईला शोधायला मोटरसायकलवर बसून परगावी गेले, आणि ती बाई मीच तयार केलेली होती. माझ्या डोक्यातून. त्याच्यावर कडी म्हणजे तिथल्या लोकांनी मला तिचं घर दाखवलं.

थांबा, पहिल्यापासून सांगते. चहा होईस्तोवर अर्धं होईल.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या जवळ. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडं हळदीचं काम निघतं. उकडून वाळवलेल्या हळदीचा ढीग पुढ्यात घ्यायचा आणि निवडत बसायचं. गड्डा एकीकडं, हळकुंड एकीकडं, काडीकचरा तिसरीकडं. हात पिवळे, पदर पिवळा, संध्याकाळी शिंक आली तरी पिवळी. मी पण जाते त्या टोळीत. लेकराला घरी बघायला कुणी नाही, म्हणून माझी दीड वर्षाची चिमी पत्र्याच्या शेडातच, पाइपाला बांधलेल्या साडीच्या झोळीत.

आता मी कशी आहे ते आधीच सांगून टाकते. चिमी शिंकली की मला न्यूमोनिया दिसतो. ती जास्त झोपली तर मी तिच्या नाकापुढं बोट धरून बघते, कमी झोपली तर मीठमोहरी ओवाळते, आणि बेताची झोपली तर मला वाटतं, आज ही अशी बेताची कशी काय झोपली? दर दोन हळकुंडांमागं मी उठून झोळीत डोकावणार आणि येऊन सगळ्यांना खबर देणार.

शेवटी टोळीची मुकादम कांताबाई वैतागली. "माय, त्या लेकराला झोपू दे," ती म्हणाली, "आन आमाला बी जरा दुसरं काही ऐकव. सकाळधरून तिच्या शीचा रंगच ऐकून राहिलो आमी."

मग मी गोष्ट सुरू केली.

शाळा माझी सातवीपर्यंत. पण शाळेत निबंध माझाच वाचून दाखवायचे, तेवढं एक होतं. रात्री घरी चिमी निजली की मी पुढचा तुकडा लिहायची आणि दुसऱ्या दिवशी शेडात सांगायची. गोष्ट मी अगदी पक्की ठरवून घेतली होती. सिंधू नावाची गरीब पोरगी. माय लहानपणीच गेलेली. नवरा दारुडा, सासू कजाग. सिंधू सोसणार, सोसणार, लई सोसणार आणि शेवटी विहीर जवळ करणार. सगळ्या बायका पदर डोळ्याला लावणार आणि म्हणणार, काय गोष्ट सांगितलीस गं बाई.

पण सिंधू ऐकेल तर ना.

तुम्ही कधी काही लिहिलंय का? नसेल तर तुम्हाला हे खोटं वाटेल. मी लिहिलं, 'सासू बोलली आणि सिंधू रडायला लागली.' पेन थांबला. पुढं सरकेचना. डोळ्यापुढं बघते तर सिंधू काही रडत नव्हती, ती चुलीवरची भाकर उलटत होती. बरं, म्हटलं, राहू दे. नवऱ्यानं हात उगारला असं लिहिलं, तर ही बाजूला सरकली आणि तो जाऊन पडला गोठ्यातल्या हौदात. देवाशप्पथ, मी नाही पाडलं त्याला. शेडात बायका इतक्या हसल्या की चिमी जागी झाली.

मग मला राग आला. गोष्ट माझी का हिची? मी एकदाची तिला विहिरीवर पाठवली. कशाला पाठवली ते तुम्हाला कळलंच. तर ही बया गेली, दोन घागरी पाणी भरलं आणि डोक्यावर घेऊन घरी आली. जाताना चांगलं काळजात धस्स होईल असं लिहिलं होतं मी, सगळं वाया.

कांताबाई म्हणाली, "बराबर केलं तिनं. घरात पाणी नको का?"

त्यात ह्या बायका. आमच्याकडं कुणाचं नाव निघालं की पहिल्यांदा गाव विचारतात. बिनगावाची बाई असती का कुठं? कुठली गं ही, कांताबाईनं विचारलं. नेमकी तेव्हा रस्त्यानं डोंगरकड्याची पाटी लावलेली जीप चालली होती, मी म्हटलं, डोंगरकड्याची. डोंगरकड्यात कुठं? मी म्हटलं, मारुतीच्या देवळामागं. मारुतीचं देऊळ कोणत्या गावात नाही?

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक सुनेला विचारतात. लग्नाला किती वर्षं झाली म्हणालीस? मग काही हाय का न्हाई अजून?

मी सांगते तुम्हाला, माझ्या गोष्टीत लेकरू नव्हतंच. पण एवढ्या बायका निवडायचे हात थांबवून तोंडाकडं बघायला लागल्या तर काय करणार? मी म्हटलं, हाय ना, सातवा चालू हाय.

झालं. तिथं माझी गोष्ट माझ्या हातातून गेली. कारण आता सिंधू दोन जिवांची. मी चिमीच्या अंगाला दिवसातनं शंभरदा हात लावून बघणारी बाई, गरोदर बाईला उपाशी ठेवायची माझी छाती होईल का? सासूनं तिला जड पाटी उचलायला लावली असं लिहिलं, आणि मीच खोडलं. पाय घसरला असं लिहिलं, मलाच घाम आला. शेवटी भीत भीत एवढंच दुःख तिला दिलं की तिला गव्हाचा चीक खावासा वाटतोय आणि सासू करून देत नाही. कुरडयाचे दिवस होते, घराघरात चीक शिजत होता, म्हणून ते सुचलं. तर तेवढ्यावर सगळं शेड हळहळलं.

आता गजराबाई.

गजराबाई आमच्या टोळीतली सगळ्यात म्हातारी. एका डोळ्यात मोतीबिंदू, फोन नाही, आणि मनानं अशी की रस्त्यातला मुंगळा ओलांडून जाईल. मी गोष्ट सुरू केली तेव्हा ती लेकीकडं गेलेली होती. ती कामावर आली तेव्हा बायका बोलत होत्या, काल तरी दिला का सिंधूला चीक? तिनं विचारलं, कोण सिंधू? कांताबाई म्हणाली, डोंगरकड्याची, मारुतीच्या देवळामागची, माय नाही बिचारीला, सातवा चालू हाय.

ही गोष्ट आहे असं तिला कुणी सांगितलं नाही, कारण बाकी सगळ्यांना ते ठाऊक होतं. आणि तिनंही विचारलं नाही. गाव कळलं, गल्ली कळली, महिना कळला, आणखी काय विचारायचं राहतं?

ती रोज मला विचारायची, पायाला सूज हाय का तिच्या? नवरा पिऊन आला का काल? मी आपली मोठ्या हुशारीनं उत्तरं द्यायची. मला वाटायचं, बघा, म्हातारी किती मन लावून गोष्ट ऐकते.

एके दिवशी सकाळी गजराबाई कामावर नाही. आम्ही बसून थोडा वेळ झाला असेल, तिची सून धापा टाकत शेडात आली. आत्याबाई हिकडं आल्या का म्हणून विचारायला लागली. म्हातारीनं भल्या पहाटे उठून चीक शिजवला होता. डबा भरला, पिशवीत नारळ आणि खण घातला, आणि शेजारच्या पोरीला सांगून गेली, सिंधूची ओटी भरून येते, पोरीला माहेर न्हाई, सातव्यात कुणीतरी जायला पायजे.

आधी सगळ्या बायका हसल्या. मग हळूहळू हसणं बंद झालं.

कांताबाईनं माझ्याकडं बघितलं. "ती जीपनं गेली असंल," ती म्हणाली. "मोठं गाव हाय ते. म्हातारीला धड दिसत न्हाई. नसलेल्या बाईला हुडकत फिरंल उन्हातान्हात."

मला तर डोळ्यापुढं सगळं दिसायलाच लागलं. म्हातारी दारोदार विचारत फिरतेय, लोक हसतायत, ऊन चढतंय, कुठं चक्कर येऊन पडली तर? रस्ता वाहता, ट्रक धडधडत जाणारे. आणि हे सगळं कशानं? तर मला माझी सिंधू मिरवायची होती म्हणून. गजराबाईची सून मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मी चिमीला झोळीतून काढली, तशीच घरी पळाले आणि कामावर निघालेल्या चिमीच्या पप्पांना म्हटलं, गाडी काढा. रस्त्यात त्यांना सगळं सांगितलं. मग डोंगरकड्याच्या अलीकडं वेग कमी करून ते म्हणाले, "मंग गावात जाऊन कुणाचं घर विचारायचं?"

"सिंधूचं."

"पण ती न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग?"

चिमी दोघांच्या मध्ये बसून वाऱ्यानं खिदळत होती. तिच्या कानाला रुमाल बांधायचा राहिला होता आणि ते मला परत येईपर्यंत आठवलं नाही, ह्याच्यावरून काय ते समजा.

गावात शिरल्यावर पहिली पानटपरी दिसली तिथं थांबलो. चिमीचे पप्पा तोंड वळवून दुसरीकडं बघायला लागले, म्हणजे विचारायचं मीच. मी पदर नीट केला आणि म्हटलं, भाऊ, मारुतीच्या देवळामागं एक सिंधू म्हणून हाय का, सातवा महिना, माहेर न्हाई बिचारीला?

टपरीवाल्यानं चुना मळता मळता माझ्याकडं बघितलं. "काय चालू हाय आज? सकाळी एक म्हातारी बी हेच विचारून राहिली व्हती," तो म्हणाला. "जा सरळ. देवळामागं निळा दरवाजा."

मी गोष्टीत दरवाजाला रंग दिला नव्हता, नाहीतर तिथंच बसले असते.

निळा दरवाजा उघडाच होता. आत बघते तर काय! गजराबाई पलंगावर मांडी घालून बसलेली, हातात चहाची बशी. समोर एक पोटुशी पोरगी चिकाचा डबा मांडीवर घेऊन बोटानं कडेचा चीक पुसून खातेय. एक सासू पंख्यानं म्हातारीला वारा घालतेय. आणि कोपऱ्यात एक तरणा माणूस खाली मान घालून उभा.

म्हातारी जिवंत होती, सावलीत होती, चहा पीत होती. मी दाराच्या चौकटीला धरूनच जे रडायला लागले, ते त्या घरातल्या लोकांना वाटलं मीही ओटी भरायलाच आलेय.

गजराबाई म्हणाली, "आलीस व्हय? ये, बस. बघ, सापडली."

नंतर मला कळलं ते असं. त्या पोरीचं नाव वैशाली. देवळामागं सातवा महिना चालू असलेली, माय नसलेली, तीच एक होती, म्हणून लोकांनी म्हातारीला तिथं आणून सोडलं. गजराबाईनं विचारलं, तू सिंधू ना? ती म्हणाली, मी वैशाली. त्यावर गजराबाईला काही अडचण आली नाही. लग्नात नाव बदलतातच. सिंधू माहेरचं, वैशाली सासरचं. आणि वैशालीला वाटलं, माहेरच्या गावची कुणी आजी असेल, मामीनं धाडली असेल. माय गेली तेव्हा आपण लहान होतो, कोण कोण आठवणार? तिनं म्हातारीच्या गळ्यात पडून रडून घेतलं.

पुढचं ऐका. सुनेच्या माहेरचं माणूस ओटी भरायला आलेलं, त्याला उलट कसं बोलणार? गजराबाईनं आल्या आल्या सासूला धारेवर धरलं, पोरीला उपाशी काहून ठेवता म्हणून. सासूनं मुकाट ऐकून घेतलं. मग नवऱ्याला पुढ्यात उभं केलं आणि दारूपायी कशी घरं बसतात ते घंटाभर सांगितलं. त्या बिचाऱ्यानं शेवटी हात जोडून सांगितलं, आजी, आजपासून सोडली. तो माणूस आयुष्यात कधी प्यायला नव्हता. न पिता सोडून बसला होता.

गजराबाई मला म्हणाली, "बघ, एका शब्दात सोडली त्यानं. तू उगा इतके दिवस आमाला रडवून राहिली."

तेवढ्यात वैशालीनं मला विचारलं, तुम्ही कोण?

माझ्याआधी गजराबाईच बोलली, हीच ती, तुझी सगळी खबर हीच आम्हाला रोज सांगायची.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सासूचा पंखा थांबला. नवऱ्यानं पहिल्यांदाच मान वर केली. साहजिक आहे, कुणाला वाटणार नाही, ही कोण बाई आमच्या घरातल्या गोष्टी हळदीच्या शेडात सांगते? आणि त्यात दारू, मारहाण, उपास, सगळं घालून?

मी चिमीच्या पप्पांकडं बघितलं. ते देवळाच्या कळसाकडं बघत होते.

खोटं सांगावं का? वाटलं तसं. त्या पोरीचं तोंड बघून खरं सांगायची जीभच उचलेना. माहेरचं माणूस आलं म्हणून तिचा चेहरा असा झाला होता की काय सांगू. पण तो नवरा माझ्यामुळं दारुडा ठरून कोपऱ्यात उभा होता ना. मी मटकन खाली बसले आणि सांगून टाकलं. सिंधू कुणी न्हाई. मी गोष्ट सांगत होते. डोंगरकडा जीपच्या पाटीवरून घेतलं, मारुती असाच घेतला, दारू पण मीच घातली. ह्या आजी तुमच्या कुणी न्हाईत. आमच्या गावच्या हायेत. चूक माझी हाय.

चिमी इकडं वैशालीच्या डब्याकडं हात करत होती.

सासू हळूच म्हणाली, "म्हंजी इतका वेळ आमी उगाच बोलणी खाल्ली?"

मी मान हलवली. मला वाटलं आता ही पंखा माझ्या डोक्यात घालणार. पण तिच्या तोंडाला पदर गेला, खांदे हलायला लागले, आणि ती जी हसत सुटली ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग तो नवरा हसला, आणि चिमीचे पप्पा कळसावरून खाली आले.

वैशाली हसली नाही. ती डब्याकडं बघत होती. मग तिनं गजराबाईला विचारलं, "मंग तुमी आता परत येणार न्हाई?"

"काहून न्हाई येणार?" गजराबाई म्हणाली. "बाळंतपणाला कोण हाय तुला?"

एवढंच. वैशालीनं बोटावर थोडा चीक घेतला आणि चिमीच्या तोंडाला लावला. एरवी परक्याच्या बोटानं चिमीला काही खाऊ घातलं असतं तर मी आठ दिवस जंताचं औषध शोधत फिरले असते. त्या दिवशी मी नुसती बघत बसले. असा मोकळा श्वास मी चिमी झाल्यापासून घेतला नव्हता.

पण थांबा, गजराबाईला मी जे सांगितलं ते पटलं असं वाटतं का तुम्हाला? निघताना ती दारात वैशालीला समजावत होती, आणि मला ऐकू येईल अशा आवाजात. "हिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नको माय. समोर बसलेल्या माणसाला म्हणती, तू न्हाईच. सातवीपत्तोर शाळा शिकली की व्हतं असं कधी कधी."

परतीच्या वाटेवर गजराबाई आमच्या गाडीवर मागं बसली. एवढ्या लोकांना घेऊन चिमीच्या पप्पांनी गाडी अशी हळू चालवली की सायकलवाले ओलांडून जात होते. मी एकदाही म्हटलं नाही की आणखी हळू घ्या.

दुसऱ्या दिवशी शेडात सगळ्या बायका कान टवकारून बसलेल्या. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, तर सिंधूची सासू...

"तू गप," कांताबाई म्हणाली. "तू काय बघितलंस तिला? घडीभर तर बसलीस. गजराबाई, तुमी सांगा."

आणि गजराबाईनं सांगितलं. सासू कशी चांगली आहे, पण पायानं अधू. नवरा कसा सुधारला. वैशालीला आता चीक नको, कैरी पाहिजे. खरं सांगते, माझ्यापेक्षा चांगलं सांगत होती. कुणाला विहिरीवर पाठवत नव्हती, तरी एका बाईचा हात हळदीवर पडत नव्हता. मी मधेच म्हणाले की नवऱ्याला पुन्हा व्यसन लागलं तर गोष्टीला रंग येईल. सगळ्याजणी माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जशी काय मीच त्याला बाटली आणून देणार होते.

दोनेक महिन्यांनी हळदीचं काम संपत आलं तेव्हा गजराबाई बाळंतपणासाठी पुन्हा डोंगरकड्याला गेली आणि चांगली दहा-बारा दिवस राहिली. मी इकडं घरी बसून शेवट लिहून काढला. माझी बाई, मी तयार केलेली, शेवट मी लिहायला नको? सिंधूला मुलगा झाला, गोरापान, पेढे वाटले, असा छान शेवट. आता जाऊन वाचून दाखवायचा, म्हटलं, बघू कोण मला गप करतंय.

शेडात गेले तर गजराबाई आलेली. मी कागद उघडायच्या आत ती म्हणाली, लेक झाली.

बायकांनी एकच गलका केला. कशी हाय, कुणावर गेली, वजन किती. मी तिथंच पदराआड पेन काढून 'मुलगा' खोडला. 'गोरापान' पण खोडला. मग कागदावर काही उरलंच नाही, पेढे तेवढे राहिले.

मी कागद घडी घालून कमरेला खोचला, सगळ्यांना ढकलत गजराबाईच्या पुढ्यात जाऊन बसले आणि विचारलं, "मंग? पुढं काय झालं?"